दुसऱ्या गावात पुस्तकाचं दुकान काढताना: आधी ‘नाही-वही’, मग फळ्या

माझ्या गल्ल्याशेजारी एक लांबट वही असते. दुकानात सगळे तिला ‘नाही-वही’ म्हणतात. कुणी पुस्तक मागितलं आणि आपल्याकडे ते नसलं की तोंडातून ‘नाही’ निघतं. तो प्रत्येक ‘नाही’ त्या वहीत उतरवायचा. तारीख, पुस्तकाचं नाव, मागणारं साधारण कोण (शाळकरी, कॉलेजातलं, खेड्यातले ग्रंथपाल, आजी-आजोबा) आणि शेवटी एक खूण: ‘मागवा’ म्हणाले तर टिंब, तसेच निघून गेले तर फुली. सांगलीत हरभट रोडच्या आतल्या गल्लीत २६ वर्षं दुकान चालवताना अशा ३१ वह्या भरल्या. त्यातल्या २२ पुरात गेल्या, त्याबद्दल पुढे सांगते.

माझी भाची साताऱ्यात पुस्तकाचं दुकान काढते आहे. तीन रविवार ती सांगलीला येऊन माझ्यासमोर बसली. पहिला प्रश्न होता, “मावशी, फर्निचरला किती लागतील?” मी तिला एक कोरी वही दिली आणि म्हटलं, जागा ठरवण्याआधी महिनाभर ही भर. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. सातारा, कराड, इस्लामपूर, तासगाव अशा गावांत कुणाच्या मनात हे दुकान असेल तर उपयोगी पडावं. ज्यांचं एक दुकान चाललेलं आहे आणि दुसरं काढायचं आहे त्यांनी तर नक्की वाचावं. तिथे मी स्वतः मोठा फटका खाल्ला आहे.

आधी एका पुस्तकाचा हिशेब

समजा छापील किंमत ३०० रुपये आहे. मराठी पुस्तकावर मला साधारण २५ ते ३५ टक्के कमिशन मिळतं. मधलं ३० धरा. म्हणजे ९० रुपये आपले, २१० पलीकडे द्यायचे. गिऱ्हाईक १० टक्के सवलत मागतं, आणि सगळीकडे देतात म्हणून आपणही देतो. ३० गेले. उरले ६०. ऐकताना १० टक्के कमी वाटतात, पण आपल्या हातातल्या नफ्याचा तिसरा हिस्सा तिथे जातो.

आता महिन्याचा खर्च. भाचीनं काढलेला कागद असा होता: भाडं १४,०००, दोन मदतनिसांचे पगार मिळून २०,०००, वीज आणि इंटरनेट ३,०००, पिशव्या, टपाल, हमाली २,०००. एकूण ३९,०००. पुस्तकामागे ६० रुपये उरत असतील तर महिन्याला ६५० पुस्तकं विकली पाहिजेत. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज २५. सवलत दिलीच नाही आणि पूर्ण ९० हातात आले तर रोज १७ पुरतात. हा आकडा पाहून ती गप्प झाली, कारण यात तिचा स्वतःचा एक रुपयाही नव्हता. तो धरून कागद पुन्हा करायला लावला.

पण खरं नुकसान सवलतीत होत नाही. ते न विकलेल्या पुस्तकात होतं. पडून राहिलेलं एक पुस्तक म्हणजे अडकलेले २१० रुपये. ते भरून काढायला ६० रुपयांच्या हिशेबानं साडेतीन पुस्तकं विकावी लागतात, आणि तोवर त्या साडेतीनांतून घरी काहीच येत नाही. धूळ, कसर, पिवळी पडलेली कड हे सगळं त्या २१० वरच चढत जातं. म्हणून मी कुणालाही ‘रोज किती विकतेस?’ असं विचारत नाही, ‘वर्षात माल किती वेळा फिरतो?’ असं विचारते. वर्षाची विक्री २४ लाख आणि दुकानात माल ८ लाखांचा असेल तर तीन वेळा फिरला. दोनच्या खाली आला की मी नवी खरेदी थांबवते आणि एकेक फळी खाली उतरवून बसते.

एक कराची गोष्ट, कारण इथे पुष्कळजण फसतात. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. बरं वाटतं ऐकायला. पण पुस्तक करमुक्त असल्यामुळे भाडं, कपाटं, संगणक यांवर आपण भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. सोबत करपात्र वस्तू विकत असाल तर त्या वाट्यापुरता विचार होतो. हिशेबनिसाला दुकान सुरू करण्याआधी विचारा आणि फर्निचरचा अंदाज करासकट काढा. आपल्यासारखी मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अॅक्टची, म्हणजे दुकानांच्या कायद्याची, नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ते काम एका बैठकीचं आहे.

पुस्तकदुकानांच्या मोठ्या साखळ्यांबद्दल का वाचायचं

भाचीला वाटलं मावशी अमेरिका-इंग्लंडच्या गोष्टी कशाला सांगते. मी सांगितल्या, कारण आपल्या ३४० चौरस फुटांत जी चूक होते तीच तिथे शेकडो दुकानांत झाली आणि सगळं लिहून ठेवलेलं आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात १९७१ साली टॉम आणि लुईस बॉर्डर्स या भावांनी दुकान काढलं. लुईसचं डोकं गणिताचं. कोणतं पुस्तक कोणत्या दुकानात कधी आणि किती विकलं गेलं याची नोंद ठेवणारी संगणकाची पद्धत त्यांनी बसवली. त्यामुळे प्रत्येक दुकानात त्या त्या गावाला लागणारी पुस्तकं ठेवता आली. माझ्या वहीचंच ते मोठं रूप, असं मला नेहमी वाटतं. त्या काळात ही पद्धत इतकी चांगली होती की तिच्यावरच बॉर्डर्सचं नाव झालं.

१९९२ मध्ये के-मार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीनं बॉर्डर्स विकत घेतलं. वॉल्डनबुक्स ही पुस्तकदुकानांची दुसरी साखळी के-मार्टकडे १९८४ पासूनच होती. १९९५ मध्ये दोन्ही मिळून वेगळी कंपनी झाली. मग दुकानं वाढत गेली, मोठमोठ्या जागा लांबलांबच्या करारांनी घेतल्या, आणि गाण्यांच्या सीडी, सिनेमांच्या डीव्हीडी यांना भरपूर जागा दिली. २००१ मध्ये ऑनलाइन विक्री त्यांनी चक्क अॅमेझॉनकडे सोपवली आणि २००८ मध्ये स्वतःची पुन्हा सुरू केली. मधली सात वर्षं आपल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दारात जायची सवय आपणच लावली. सीडी-डीव्हीडी लोकांनी घेणं सोडलं, पण मोठ्या जागेचं भाडं काही कमी झालं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि त्याच वर्षी उरलेली ३९९ दुकानं बंद झाली. दहा हजारांहून जास्त माणसांची नोकरी गेली.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. टिम वॉटरस्टोन यांना डब्ल्यू. एच. स्मिथ या कंपनीनं नोकरीवरून काढलं, आणि त्यांनी १९८२ मध्ये लंडनमध्ये आपलं पहिलं दुकान उघडलं. वॉटरस्टोन्सचं वैशिष्ट्य असं की दुकानात उभा राहणारा माणूसच त्या दुकानाची खरेदी करायचा. पुढे साखळी आधी त्याच डब्ल्यू. एच. स्मिथकडे, मग १९९८ मध्ये एचएमव्हीच्या समूहाकडे गेली. खरेदी मुख्य कार्यालयात गेली. दारातली टेबलं प्रकाशकांच्या पैशावर भरू लागली: जो पैसे देईल त्याचं पुस्तक सगळ्या गावांत सारखंच समोर. २०११ मध्ये अलेक्झांडर मामुत या रशियन उद्योजकानं ती ५.३ कोटी पौंडांना घेतली आणि जेम्स डाँट यांच्या हाती दिली. डाँट हे १९९० पासून लंडनमध्ये स्वतःची मोजकी दुकानं चालवणारे, म्हणजे आपल्यासारखे गल्ल्यावर बसलेले.

त्यांनी काय केलं ते नीट वाचा. प्रकाशकांकडून टेबलाचे पैसे घेणं बंद केलं. कोट्यवधींचं उत्पन्न सोडलं, तेही कंपनी तोट्यात असताना. कोणतं पुस्तक पुढे ठेवायचं, कोणतं किती मागवायचं हे हळूहळू त्या त्या दुकानातल्या माणसांकडे दिलं. पूर्वी शंभरातली वीसेक पुस्तकं न विकता प्रकाशकाकडे परत जायची, ती काही वर्षांत चार-पाचांवर आली. कंपनी नफ्यात आली. मग एलियट या गुंतवणूक कंपनीनं २०१८ मध्ये वॉटरस्टोन्स आणि २०१९ मध्ये अमेरिकेची बार्न्स अँड नोबल घेतली, आणि तिथेही डाँट यांनाच बसवलं. ही बार्न्स अँड नोबल म्हणजे लिओनार्ड रिजिओ यांनी न्यूयॉर्कमधलं एक जुनं दुकान विकत घेऊन वाढवलेली साखळी. सालही तेच, १९७१. बॉर्डर्स गेली, आणि हिनं २०२४ या एका वर्षात पन्नासहून जास्त नवी दुकानं उघडली.

आपल्याकडेही साखळ्या जुन्या आहेत. मद्रासचं हिगिनबॉथम्स १८४४ चं. रेल्वे फलाटावरचा व्हीलर १८७७ मध्ये अलाहाबादला सुरू झाला. मुंबईत १९९२ मध्ये क्रॉसवर्ड आलं, पुढे शॉपर्स स्टॉपकडे गेलं आणि २०२१ मध्ये पुण्याच्या अगरवाल समूहानं घ्यायचं ठरवलं. पण शिकण्यासारखं मला बॉर्डर्स आणि वॉटरस्टोन्स यांच्यातच जास्त सापडलं, कारण तिथे एकच धागा आहे: खरेदी कोण करतं.

माझी दुसरी शाखा

बॉर्डर्स बंद झाल्याची बातमी मी २०११ मध्ये वाचली होती. तरी २०१२ मध्ये सांगलीतच विश्रामबागला दुसरं दुकान काढताना मी तेच केलं. हरभट रोडला जे जे मागवायची त्याच्या दोन प्रतींऐवजी चार मागवायची आणि दोन तिकडे पाठवायची. सोपं होतं. एकच ऑर्डर, एकच पार्सल, एकच हिशेब. तिकडे कामाला असलेल्या मुलीला फक्त विकायचं काम.

हरभट रोडचं माझं गिऱ्हाईक म्हणजे बाजाराला आलेली माणसं. पलूस, तासगाव, कवठेमहांकाळकडून येतात, एसटीची वेळ सांभाळून दहा मिनिटांत खरेदी करतात. पोथ्या, आरतीसंग्रह, शेतीची पुस्तकं, पत्रिका पाहण्याची पुस्तकं, मुलासाठी स्पर्धा परीक्षेचं काही, आणि एखादी कादंबरी. विश्रामबागचं गिऱ्हाईक कॉलेजचं. विलिंग्डनचे विद्यार्थी, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, लहान मुलांच्या आया. ते अर्धा तास उभे राहून चाळतात, अनुवाद मागतात, विज्ञान मागतात, इंग्रजी बालपुस्तकं मागतात. मी तिथे पोथ्यांची फळी भरून ठेवली होती. ती मुलगी मला दोनदा म्हणाली, “काकू, इथं हे कुणी मागत नाही.” मी ऐकलं नाही. तिच्या गल्ल्यावर नाही-वही नव्हतीच.

२०१५ च्या मार्चमध्ये ती शाखा बंद केली तेव्हा ११४० प्रती परत आणल्या. तीनचाकी टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. त्यातल्या अर्ध्या विकायला तीन वर्षं लागली, उरलेल्या रद्दीच्या थोड्या वर भावानं गेल्या.

२०२१ मध्ये तिथेच, पण २२० चौरस फुटांचं दुकान पुन्हा काढलं. तीच मुलगी आता ताई झाली आहे आणि ते दुकान चालवते. महिन्याची खरेदीची रक्कम मी ठरवते, त्यात काय घ्यायचं हे ती ठरवते. वर्षात विकलं न गेलेलं पुस्तक तिच्या नावावर लिहिलं जातं आणि माझ्या दुकानातलं माझ्या नावावर. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघी ती यादी समोर ठेवून बसतो. गेल्या वर्षी तिची यादी माझ्यापेक्षा लहान होती. तिच्याकडे एकही पोथी नाही. माझ्याकडे लहान मुलांची इंग्रजी पुस्तकं जवळजवळ नाहीत. दोन दुकानांत नाव एक, पिशवी एक, आणि निम्म्याहून जास्त पुस्तकं वेगळी. दुसरी शाखा काढणाऱ्यानं हा अधिकार पहिल्या दिवशी लिहून द्यावा.

मागवायचं कसं

नव्या पुस्तकाच्या दोन प्रती. नाव कितीही मोठं असो, दोनच. एक पुढच्या टेबलावर, एक फळीत तोंड दाखवून. पहिली आठवड्यात गेली तर त्याच दिवशी फोन करून तीन मागवा. सांगलीला हे जमतं, कारण पुण्याहून संध्याकाळी चढलेलं पार्सल सकाळी इथे उतरतं. अप्पा बळवंत चौकातलं गोदाम माझ्यापासून एका रात्रीवर आहे, मग मी इथे भाड्याच्या जागेत तेवढाच माल कशाला भरून ठेवू? साताऱ्याला तर पुणे याहून जवळ.

‘दहा घ्या, दोन फुकट’ अशी योजना येते. त्या वेळी वरचा हिशेब आठवा. बारांतल्या चार राहिल्या तर फुकटच्या दोन कधीच गेल्या. अशी योजना मी फक्त त्याच पुस्तकावर घेते ज्याच्या मागच्या वर्षी माझ्याकडे वीस प्रती गेल्या होत्या.

जांगड मालाचं वेगळं. जांगड म्हणजे माल ठेवायचा, विकला तेवढ्याचे पैसे, उरलेला परत. ऐकायला जोखीम नाही, पण परतीचं भाडं बहुधा आपलं असतं, कोपरा दुमडलेली प्रत परत घेत नाहीत, आणि ती फळी सहा महिने अडकते. एका वितरकानं माझा २३ हजारांचा परतीचा माल पोहोचूनही वर्षभर खात्यात जमा केला नाही. तेव्हापासून परतीच्या पेटीवर यादी चिकटवते, फोटो काढते, आणि चलनाची पोच आल्याशिवाय नवी ऑर्डर देत नाही.

गावातले कवी-लेखक स्वखर्चानं छापलेलं पुस्तक घेऊन येतात. त्यांना नाही म्हणणं मला जड जातं, आणि म्हणूही नये, कारण त्यांचे नातेवाईक, विद्यार्थी, शेजारी दुकानात येतात. मी पाच प्रती जांगडावर घेते, पावती देते, सहा महिन्यांची तारीख घालते आणि ती तारीख त्यांच्यासमोर कॅलेंडरवर लिहिते. पैसे विकल्याच्या महिन्यातच देते. त्यांनी विचारायला यावं लागू नये.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासून, ‘मासिक मनोरंजन’पासूनची. लोक अजून वर्षभराचा पगार झाल्यासारखे आनंदानं येऊन अंक निवडतात, आणि ते आठ-दहा दिवस मला दुकानाचे सगळ्यात सुंदर दिवस वाटतात. त्यात दोनच गोष्टी सांभाळा. मागच्या वर्षी घेतलेला आकडा पाहू नका, विकलेला पाहा. आणि प्रत्येक अंकाची परतीची शेवटची तारीख आल्या दिवशीच लिहून ठेवा. ती चुकली की अंक आपला, आणि जानेवारीत दिवाळी अंक कुणी घेत नाही.

टेबल

दारातून आत आल्यावर पहिलं दिसणारं टेबल कुणालाही विकू नका. एक प्रकाशन मला महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला तयार होतं, नुसती त्यांचीच पुस्तकं तिथे मांडायला. भाड्याचा पाचवा भाग सुटला असता. मी नको म्हटलं. त्या टेबलावर मी आठवड्याला चौदा पुस्तकं मांडते. त्यातली निम्मी नाही-वहीतून आलेली असतात, आणि निदान चार मी स्वतः वाचलेली. वाचलेल्या पुस्तकात पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी असते: कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, कुणाला नाही आवडणार. ‘कुणाला नाही आवडणार’ हे लिहिल्यामुळे लोकांचा त्या चिठ्ठीवर विश्वास बसला. सांगलीत एक सायकलवाले आजोबा फक्त चिठ्ठ्या वाचायला यायचे आणि महिन्यातून एक पुस्तक न्यायचे, नऊ वर्षं.

बसायला जागा ठेवा. दोन स्टूल पुरतात. महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवून ‘पुस्तकांचं गाव’ केलं आहे. तिथे एकदा जाऊन या. विक्री नसते, पण माणूस पुस्तक हातात घेऊन कसा आणि किती वेळ बसतो ते पाहायला मिळतं. भाचीला मी तिथे एक दिवस नुसतं बसवलं.

ग्रंथालयं आणि उधारी

आपल्या जिल्ह्यांत गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत. १९६७ च्या कायद्यानुसार त्यांना मान्यता आणि अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. ग्रंथखरेदीचा हिशेब दाखवावा लागतो, म्हणून मार्च जवळ आला की एकदम खरेदी होते. माझ्या वर्षाच्या विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा यातून येतो. ग्रंथपाल हे तुमचे सगळ्यात चांगले वाचक असतात. त्यांना माल खपवण्याची जागा समजू नका. मागच्या वर्षी काय दिलं ती यादी जपा, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा जाणार नाही. बिलात मराठी, इंग्रजी, बालसाहित्य वेगळं दाखवा, त्यांचं दाखल नोंदीचं काम सोपं होतं.

पण अनुदान हप्त्यानं येतं आणि उशिरा येतं, त्यात त्यांचा दोष नसतो. तुमच्या हातात आहे ती मर्यादा. सगळ्या वाचनालयांची मिळून उधारी माझ्या दोन महिन्यांच्या खर्चापुढे जाऊ देत नाही. त्यापुढे मी स्पष्ट सांगते की पुस्तकं बाजूला काढून ठेवते, हप्ता आला की घेऊन जा. राग कुणी धरला नाही आजवर.

बाहेरगावच्या वाचकाला पाठवायचं तर टपाल. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकांसाठीच आहे. पत्ता दोनदा लिहा, एकदा आत, एकदा बाहेर.

पाणी

सांगलीकरांना हे सांगायला नको, पण नवे लोक जागा बघताना रस्त्याचा उतार बघत नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, कापड पेठ, सगळं पाण्यात. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली, त्यात दुर्मीळ ग्रंथ होते. मी दुकानात पाय ठेवला तेव्हा खालच्या चार फळ्यांतली पुस्तकं फुगून एकमेकांना इतकी घट्ट बसली होती की फळी फोडून काढावी लागली. पाठीमागची खोली पूर्ण गेली. २२ नाही-वह्या तिथे एका पत्र्याच्या पेटीत होत्या.

विमा होता. पण माल ९ लाखांचा आणि विमा ५ लाखांचा, कारण दरवर्षी तोच आकडा पुढे ओढत होते. कमी रकमेचा विमा असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापून मिळते. दहा रुपयांच्या नुकसानीला साडेपाच. शिवाय पाहणीला आलेल्या माणसानं मालाची नोंदवही मागितली आणि ती मालासोबतच भिजली होती. म्हणून आता दर महिन्याच्या १ तारखेला मालाची पूर्ण यादी पुण्याला बहिणीला पाठवते आणि फळ्यांचे फोटोही. विम्याची रक्कम दर दिवाळीनंतर माल मोजून बदलते. पॉलिसीत पूर आणि तुंबलेलं पाणी हे शब्द आहेत का ते स्वतः वाचते. खालची फळी जमिनीपासून अडीच फुटांवर आणि तिच्यावर वह्या-फायली, पुस्तकं नाहीत. पातळी ३५ फुटांवर गेली की वाट न पाहता माल माळ्यावर. चुलतभाऊ, शेजारचा कापडवाला आणि त्याची दोन मुलं येतात, तीन तासांत दुकान रिकामं होतं. २०२१ च्या पुरात एकही पुस्तक भिजलं नाही.

साताऱ्याची वही

भाचीच्या मनात राजपथावरची एक जागा होती, मोठी काच, भाडं २२,०००. मी म्हटलं, आधी वही. तिनं महिनाभर तीन ठिकाणी थोडा थोडा वेळ काढला: पोवई नाक्याजवळ मैत्रिणीच्या स्टेशनरीच्या दुकानात, राजवाड्याजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे आणि एका अभ्यासिकेत. कुणी पुस्तक मागितलं की लिहायचं, एवढंच. १८७ नोंदी झाल्या. निम्म्याच्या आसपास स्पर्धा परीक्षेच्या, ते अपेक्षित होतं. पण ३४ नोंदी किल्ले, मराठ्यांचा इतिहास आणि मोडी शिकण्याच्या पुस्तकांच्या होत्या, आणि मागणारे बहुतेक पंचविशीच्या आतले. २१ नोंदी लहान मुलांच्या मराठी चित्रपुस्तकांच्या, सगळ्या आयांच्या, आणि सगळ्यांपुढे फुली. राजवाड्याकडे जास्त नोंदी होत्या, राजपथावरच्या त्या काचेपाशी तर माणसं थांबतच नाहीत, चालत राहतात, असं तिनं स्वतः पाहून सांगितलं.

आता जागा मोती चौकाच्या अलीकडे ठरली आहे, २६० चौरस फूट, भाडं १३,५००, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. पहिली ऑर्डर तिनं काल रात्री मला वाचून दाखवली: मोडी लिपीची तीन वेगवेगळी पुस्तकं प्रत्येकी दोन, किल्ल्यांची अकरा, चित्रपुस्तकं चाळीस, सगळी दोन-दोन. एका गाजत असलेल्या कादंबरीच्या दहा प्रती तिनं लिहिल्या होत्या. मी काही बोलले नाही. थोडं थांबून तिनंच त्या दोनावर आणल्या आणि म्हणाली, “बाकीच्या मागवीन ना मावशी, पुणं रात्रीचंच आहे.”